दातवण कुणी करू नये

अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातला दुसरा अध्याय दिनचर्येचा. उठून शौच उरकलं की वाग्भट थेट दातवणावर येतो. रुई, वड, खैर, करंज, अर्जुन अशा झाडांची काडी घ्यावी. ती बारा अंगुळं लांब, सरळ आणि करंगळीच्या टोकाएवढी जाड असावी. सकाळी आणि जेवणानंतर तिने दात घासावेत, पण हिरड्यांना इजा होऊ देऊ नये. लगेच पुढे एक यादी येते. अजीर्ण झालेला, उलट्या होणारा, दमेकरी, खोकला-तापाने बेजार, तोंड वाकडं झालेला, फार तहान लागणारा, तोंड आलेला. शिवाय ज्याला हृदयाचा, डोळ्यांचा, डोक्याचा किंवा कानाचा विकार आहे असा. या सगळ्यांनी काडी लावू नये.

हृदयरोग्याने दातवण करू नये, असं सातव्या शतकाच्या आसपासचा वैद्य सांगून ठेवतो. श्लोकात कारण दिलेलं नाही. आजचा दंतवैद्य हे ऐकून कपाळाला हात लावील, कारण त्याचा सल्ला नेमका उलटा आहे: हृदयरोग्याने दात चार लोकांपेक्षा जास्त जपावेत. तरीही दोघांचं एका बाबतीत जमतं. हिरडी दुखावता कामा नये, हे दोघांनाही पटलेलं आहे. आणि हृदयाचा रोगी हा इतरांसारखा नाही, त्याच्या तोंडाचा विचार वेगळा करावा लागतो, हेही.

वाग्भटाने सांगितलेली झाडं पाहायला संग्रहालयात जायला नको. कसारा लोकल खर्डी सोडते आणि कसाऱ्याच्या अलीकडे उंबरमाळीला थांबते, त्या शहापूर तालुक्याच्या रानात खैर आहे, करंज आहे, ओढ्याकाठी अर्जुनसादडा आहे. खैराचा कात काढणं हा तर कातकऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. पण झाड दारात असलं तरी तोंडात वेगळंच असतं. ग्रामीण महाराष्ट्रातल्या असंख्य घरांप्रमाणे इथेही बायकांची सकाळ मशेरीने होते. तंबाखू तव्यावर काळीभोर होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने हिरड्यांवर फिरवत बसायचं. ‘लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ हे तिचं समर्थन ठरलेलं. दात घासण्याच्या नावाखाली निकोटीन हिरडीतून रक्तात जातं, नाडी वाढते, रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्या आवळतात. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी केली आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. घरच्या तव्यापर्यंत मात्र तो कायदा पोचत नाही.

इथवरची गोष्ट आरोग्याची. तिच्या पोटात दुसरा प्रश्न आहे आणि तो सरळसरळ धर्माचा आहे: तोंड स्वच्छ ठेवणं ही देहाची सेवा आहे की देवापुढे जाण्याची तयारी? दोन्ही असेल, तर ज्या दिवशी या दोन्हींचं जमत नाही त्या दिवशी माणसाने कुणाचं ऐकावं?

न जमण्याचे दिवस पंचांगात आहेत. पां. वा. काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात दंतधावनावर सविस्तर विवेचन आहे. अमावास्येसारख्या पर्वकाळी, श्राद्धाच्या दिवशी आणि उपवासाच्या दिवशी काडीने दात घासू नयेत, त्याऐवजी पाण्याच्या बारा चुळा भराव्यात, असा स्मृतींचा आणि निबंधग्रंथांचा कल. जैन परंपरा याहून पुढे जाते. दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांपैकी अदंतधावन हा एक, म्हणजे दात न घासणं हेच व्रत. श्वेतांबरांच्या दशवैकालिक सूत्रातही साधूने न करायच्या गोष्टींत दंतधावन येतं. ठाणे जिल्ह्यातले कोकणी मुसलमान शाफई मताचे. त्या मतात मिसवाकाची, म्हणजे दातकाडीची, महती मोठी, पण रोजा असताना दुपार टळल्यावर ती करणं नापसंत मानलं जातं, कारण रोजेदाराच्या तोंडाचा वास अल्लाला कस्तुरीहून प्रिय असल्याची हदीस आहे. या सगळ्यांत वेगळे उभे राहतात ते बुद्ध. विनयपिटकात त्यांनी भिक्षूंना दातकाडीची परवानगी दिली आणि ती का, याची पाच कारणंही सांगितली: न वापरल्यास डोळ्यांना अपाय, तोंडाला दुर्गंधी, रसवाहिन्या अस्वच्छ, अन्नावर पित्त-कफाचं आवरण, जेवणाला चव नाही. उपवासाचा, पावित्र्याचा त्यात उल्लेख नाही. एखाद्या आरोग्यसेविकेने लिहावं तसं ते कलम आहे.

न घासलेलं तोंड पवित्र कसं, याचं उत्तर तिन्हीकडे वेगळं मिळतं. जैन साधूसाठी ती देहावरची आसक्ती सोडण्याची आणि सूक्ष्म जीव न मारण्याची शिस्त आहे. रोजेदारासाठी त्या वासात त्याच्या भुकेची साक्ष आहे. श्राद्धकर्त्याच्या बाबतीत काडी चावणं हे खाण्याच्या फार जवळ जातं. पण एवढे भिन्न मार्ग एका ठिकाणी भेटतात. आजाऱ्याला त्यांनी नियमाबाहेर ठेवलेलं आहे. कुराणात आजारी माणसाला रोज्यातून सूट आहे. श्वेतांबर आगमांवरच्या भाष्यांत उत्सर्ग म्हणजे नियम आणि अपवाद म्हणजे त्यातली सूट, हे दोन मार्ग मांडलेले आहेत. व्रतांच्या ग्रंथांत ज्या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही त्यांत पाणी, कंदमुळं, फळं आणि दूध यांच्या जोडीला औषध बसवलं आहे. तेव्हा एकादशीला रक्तदाबाची गोळी घ्यावी की नाही, हा प्रश्न शास्त्राने केव्हाच सोडवून टाकलेला आहे. अडतं ते घरातल्या थोरल्यांच्या भिडेपाशी.

या बाबतीत हेमाद्रीचं उदाहरण महाराष्ट्राने विसरू नये. देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा हा तेराव्या शतकातला मंत्री. लोकांना तो ठाऊक आहे तो हेमाडपंती देवळांमुळे आणि मोडीच्या दंतकथेमुळे. पण त्याच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’तलं व्रतखंड म्हणजे उपासतापासांचा महासागर, आणि याच हेमाद्रीने अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली. म्हणजे अमुक तिथीला काय खाऊ नये हे सांगणारा आणि हृदयरोग्याने काडी लावू नये या श्लोकावर भाष्य करणारा, दोघे एकच. त्याच्या डोक्यात ही दोन खाती वेगळी नव्हती. ती वेगळी केली आपण: पुजारी एकीकडे, डॉक्टर दुसरीकडे, आणि रोगी मधल्या फलाटावर.

आता डॉक्टरच्या खात्याकडे. हृदयाच्या आतल्या अस्तराला, विशेषतः झडपांना, जिवाणूंची लागण होते तिला इन्फेक्टिव्ह एन्डोकार्डायटिस म्हणतात. तोंडात नेहमी मुक्कामाला असलेले काही स्ट्रेप्टोकोकस जिवाणू सुजलेल्या हिरडीतून रक्तात उतरतात. धडधाकट माणसाच्या रक्तात ते थोड्या वेळात मारले जातात. पण झडप आधीच खरवडलेली असेल किंवा कृत्रिम असेल तर त्यांना बूड टेकायला जागा मिळते. पुढे आठवडे-आठवडे ताप, झडपेची नासधूस, मेंदूकडे निसटलेली गुठळी. पेनिसिलीन येण्यापूर्वी हा रोग बहुधा जीव घेऊनच जायचा.

म्हणून १९५५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने दात काढण्याआधी प्रतिजैविक देण्याची शिफारस केली. पुढची पन्नास वर्षं ती जगभरच्या दंतवैद्यांची संध्या होती. रोग्याच्या हृदयात साधी कुरकुर ऐकू आली तरी गोळी. २००७ मध्ये त्याच संस्थेने यादी कापून चार गटांवर आणली: कृत्रिम झडप असलेले, एन्डोकार्डायटिस आधी होऊन गेलेले, काही ठरावीक जन्मजात दोष असलेले, आणि हृदय बदलल्यानंतर झडप बिघडलेले. यांना हिरडीशी किंवा दाताच्या मुळाशी खेळणारं काम करण्याआधी अर्धा ते एक तास, प्रौढांसाठी दोन ग्रॅम ॲमॉक्सिसिलीन, एकदाच. इंग्लंडच्या नाइस संस्थेने २००८ मध्ये तर ही प्रथाच बंद करायला सांगितलं आणि २०१६ मध्ये ‘सरसकट नको’ एवढ्यावर भाषा सौम्य केली.

असं का झालं, ते या लेखाच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं. २००८ मध्ये अमेरिकेत लॉकहार्ट आणि सहकाऱ्यांनी २९० जणांचं रक्त तपासलं. प्रतिजैविकाशिवाय दात काढलेल्यांपैकी ६० टक्क्यांच्या रक्तात एन्डोकार्डायटिसशी संबंधित जिवाणू सापडले, ॲमॉक्सिसिलीन घेऊन दात काढलेल्यांपैकी ३३ टक्क्यांच्या, आणि नुसते ब्रशने दात घासलेल्यांपैकी २३ टक्क्यांच्या. दात आयुष्यात एखाद-दोनदा काढतात. घासतात रोज, चावतात दिवसातून कितीदा तरी. बेरीज केली तर धोका दंतवैद्याच्या खुर्चीतल्या एका सकाळपेक्षा रोजच्या सुजलेल्या हिरडीत जास्त साठतो. हिरडी निरोगी असेल तर घासण्याने रक्त येत नाही आणि दारही उघडत नाही. वर्षातून एकदा मोठं अनुष्ठान करून उरलेलं वर्ष माफ करून घ्यायची माणसाची जी जुनी खोड आहे, ती वैद्यकातही शिरली होती. पुराव्याने ती उघडी पाडली, एवढंच.

वैद्यकातलं दुसरं कर्मकांड अजून जिवंत आहे. दाढ काढायची म्हटलं की रक्त पातळ करणारी गोळी चार दिवस बंद. रोग्यालाही ते पटतं, कारण रक्त डोळ्यांना दिसतं आणि झडपेवर धरलेली गुठळी दिसत नाही. पण कृत्रिम झडप असलेल्याची वॉर्फेरिन किंवा ॲसिट्रॉम परस्पर थांबवली तर झडप अडकू शकते, पक्षाघात होऊ शकतो. नुकता स्टेंट बसवलेल्याची क्लोपिडोग्रेल थांबवली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा झटका. रक्ताची आयएनआर चाचणी साधारण ३.५ च्या आत असेल तर साधी दाढ गोळी चालू ठेवूनच काढता येते. टाका, घट्ट चावून धरलेला बोळा आणि ट्रॅनेक्सामिक ॲसिडची चूळ एवढ्यावर हिरडीचं रक्त थांबतं. उलट दाढ दुखते म्हणून मेडिकलवरून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा तिच्या जोडीला घेतलेली मेट्रोनिडाझोल वॉर्फेरिनच्या रोग्याला दाढ काढण्यापेक्षा जास्त रक्तस्रावात लोटू शकते. आणि खालच्या जबड्यात उठलेली कळ चालताना वाढत असेल, थांबल्यावर ओसरत असेल, तर ती दाताची समजून लवंग धरून बसू नये. ती हृदयाची असू शकते.

एक मात्र खरं, या विषयाच्या नावावर बरंच खपवलंही जातं. १९८९ मध्ये फिनलंडच्या संशोधकांना हृदयविकाराचा झटका आलेल्यांचे दात इतरांपेक्षा जास्त खराब आढळले. तेव्हापासून ‘हिरड्या सांभाळा, झटका टाळा’ अशा जाहिरातींना ऊत आला. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये सगळा पुरावा चाळून सांगितलं की हिरड्यांचा रोग आणि रक्तवाहिन्यांचा रोग हे सोबत आढळतात, पण पहिल्यामुळे दुसरा होतो हे सिद्ध झालेलं नाही. तंबाखू, मधुमेह आणि गरिबी दोन्हींना खतपाणी घालतात. शतकापूर्वी साऱ्या रोगांचं मूळ दातात आहे असं मानून धडधाकट माणसांचे दातच्या दात उपटले जात. अर्धवट ज्ञानाची ती अंधश्रद्धा इंग्रजीत होती, म्हणून विज्ञान ठरली.

आता उंबरमाळीच्या बाजूने सगळ्यांत अवघड प्रश्न. तरुणपणी झडप खराब होण्याचं आपल्याकडचं मोठं कारण आहे संधिवाताचा ताप. पाच ते पंधरा वयाच्या पोराचा घसा स्ट्रेप्टोकोकसने सुजतो, उपचार होत नाहीत, शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून झडपांवर उलटते. हा रोग दाटीवाटीच्या घरांचा आहे, एका खोलीत सात-आठ जण झोपणाऱ्यांचा. श्रीमंत देशांतून तो घरं सुधारल्यावर आणि पेनिसिलीन आल्यावर जवळपास गेला. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य सभेला त्यावर खास ठराव करावा लागला, कारण गरीब देशांतून तो गेला नाही. अशा पोराबद्दल पाड्यावर बोललं जातं ते ‘नशिबात होतं’, ‘मागच्या जन्माचं’.

इथे कर्मसिद्धान्ताची कसोटी लागते, आणि चरकाने ती आधीच घेऊन ठेवली आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात तो विचारतो की सगळ्यांचं आयुष्य ठरलेलंच असेल तर औषधं, मंत्र, पथ्य यांचा उपयोग काय? त्याचं उत्तर असं की दैव म्हणजे पूर्वीचं कर्म आणि पुरुषकार म्हणजे आताचं. आयुष्य या दोघांच्या बलाबलावर ठरतं आणि जोरकस प्रयत्न दुबळ्या दैवाला हटवतो. हे मान्य केलं तरी एक फट राहते, आणि ती बुजवणं आजच्या वाचकाचं काम आहे. चरकाचा पुरुषकार एकट्या माणसाचा आहे. घशाचा स्वॅब, दर तीन आठवड्यांनी घ्यायचं पेनिसिलीनचं इंजेक्शन, दाताची खुर्ची हे एकट्याच्या पुरुषार्थाने मिळत नाही. बारा चुळा भरायच्या तर पाणी लागतं. मुंबईला १८९२ पासून पाणी पाजणारा तानसा तलाव याच शहापूर तालुक्यात, भातसाही इथलाच, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारे पाडेही याच तालुक्यातले. अशा ठिकाणी किडलेल्या दाताचा दोष तोंडाच्या मालकाच्या कर्मात शोधणं ही तत्त्वज्ञानाची गैरसोयीतून काढलेली पळवाट आहे.

नवसाचंही तसंच. मुरबाड तालुक्यात म्हसा गावच्या म्हसोबाची पौषातली जत्रा मोठी, आणि पाठीत गळ टोचून नवस फेडणं ही तिची जुनी ओळख. युरोपातल्या हृदयतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना झडपेच्या रोग्याला कातडी टोचण्यापासून परावृत्त करतात. रोग्याच्या नावाने घरच्या निरोगी माणसाने नवस फेडला तर म्हसोबा रागावेल, असं मानायला कुणाही भगताला जड जाईल. गाडगे महाराजांनी तर हा प्रश्नच वेगळ्या वाटेने सोडवला: देवाला काय द्यावं यावर वाद न घालता त्यांनी परगावच्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठी मुंबईत धर्मशाळा उभ्या केल्या. धर्म रोग्याने पाळायचा नाही, रोग्यासाठी बाकीच्यांनी पाळायचा, असा त्याचा हिशेब लावता येतो.

सरकारी यंत्रणेत तशी एक जागा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला सुरू झाला, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. अंगणवाड्या, शाळा आणि आश्रमशाळांतल्या मुलांच्या तपासणीच्या त्या यादीत जन्मजात हृदयदोष आहे, संधिवाताचा हृदयरोग आहे आणि दातांचे विकारही आहेत. एकच डॉक्टर, एकाच बैठकीत, छातीवर स्टेथोस्कोप ठेवून तोंडात बघतो. पुढे गेलं की मात्र हे दोन रस्ते फुटतात. झडपेची फाईल परळला केईएममध्ये, दाताची सीएसएमटीजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात, आणि एका फाईलमध्ये काय आहे ते दुसरीला सांगायचं काम लोकलने आलेल्या माणसाकडे. ऑस्ट्रेलियाने आपल्या आदिवासींमधला संधिवाताचा हृदयरोग ध्यानात घेऊन, अमेरिकेने वगळलेल्या या रोग्यांनाही दंतोपचाराआधी प्रतिजैविक देण्याचं ठरवलं. ज्यांच्या हिरड्या रोज सांभाळल्या जाण्याची शाश्वती नाही त्यांच्याबाबत नियम सैल ठेवावा, हा विचार शहापूरच्या पाड्यांनाही लागू पडतो. त्यात एक मेख आहे: दर तीन आठवड्यांचं पेनिसिलीन चालू असलेल्याच्या तोंडातले जिवाणू त्याला सरावलेले असू शकतात, म्हणून दाताच्या कामाआधी वेगळ्या जातीचं औषध द्यावं लागतं. इंजेक्शनचं कार्ड दंतवैद्याला दाखवायचं ते यासाठी.

श्रावणात यात आणखी एक गुंता होतो. पावसाबरोबर रानात टाकळा, कुर्डू, भारंगी उगवते आणि महिना-दोन महिने घराघरांत पालेभाजी शिजते. मध्येच सोमवार, एकादशी आली की ताटात शेंगदाणे आणि रताळी. हिरव्या पाल्यातलं के जीवनसत्त्व वॉर्फेरिनच्या विरुद्ध काम करतं. भाजी अचानक वाढली की आयएनआर खाली येतो, अचानक तुटली की वर जातो. रानभाजी सोडायची गरज नाही, तिचं प्रमाण आठवडाभर सारखं राखावं. आणि श्रावणात दाढ काढायची वेळ आलीच तर जेठातला जुना कागद चालवून घेऊ नये. खुर्चीत बसण्याआधीच्या एक-दोन दिवसांत रक्त पुन्हा तपासून घ्यावं, गोळी चालू ठेवावी, आणि दाढ सकाळच्या वेळी काढावी, म्हणजे रक्त थांबलं नाही तर परत दवाखाना गाठायला दिवस आणि लोकल दोन्ही हाताशी असतात.